फोन मालकांनी केला होता

पोलीस पाटलाच्या परीक्षेला बसले तेव्हा गावात एक पाटील आधीपासून आहेत, ही गोष्ट मी मनावर घेतली नव्हती. कागदावर त्यांच्याकडे काहीच नव्हतं. वतनं गेली, पाटीलकी गेली, हे सगळं त्यांच्या वडिलांच्या काळातच होऊन चुकलं होतं. पण पोळ्याला वेशीतून पहिली बैलजोडी त्यांचीच जायची. होळी त्यांच्या हातानं पेटायची. दोन भावांत बांधावरून कुरबूर झाली तर तहसीलला जायच्या आधी लोक त्यांच्या बैठकीत जायचे, आणि बहुतेकदा तहसीलला जायची पाळी यायची नाही. सगळं गाव त्यांना मालक म्हणायचं. सरपंचसुद्धा मालकच म्हणायचे.

आमचं घर सुताराचं. माझं माहेर किनवटकडचं, लग्न होऊन मुखेड तालुक्यातल्या या गावात आले. माझे सासरे मालकांच्या घरच्या बैलगाड्या, तिफणी, वखरं करत. सुगीत मालकांच्या खळ्यावरून आमच्या घरी ज्वारी यायची. माझ्या नवऱ्याच्या वख्तापर्यंत बैलगाड्या संपल्या. तो दारं, चौकटी, दिवाण करायला लागला. संसार करता करता मी मुक्त विद्यापीठातून बी. ए. झाले. कशासाठी, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक दिवस जाहिरात लागली. आमच्या गावचं पोलीस पाटलाचं पद इतर मागासवर्गातल्या बाईसाठी राखीव झालं होतं. त्या वर्गातल्या दहावी पास बाया गावात दोनच, त्यातली एक पुण्याला राहायला गेलेली. मी अर्ज भरला. लेखी झाली, मग तोंडी. तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलं, "गावात तंटा झाला तर आधी कुणाला कळवाल?" मी म्हणाले, "ठाण्याला." ते हसले आणि समोरच्या कागदावर त्यांनी खूण केली.

नेमणुकीचा कागद घेऊन घरी आले तर नवरा म्हणाला, "आधी मालकाला दाखवून ये."

मी गेले. मालकांनी जुनं घर पाडून स्लॅबचं नवं बांधायला काढलं होतं, पण बैठक आधी तयार करून घेतली होती. त्यांनी चष्मा लावून कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला. मग घडी घालून माझ्या हातात दिला.

"लई चांगलं झालं सूनबाई. गावातलं गावातच राह्यलं." गावच्या सगळ्याच सुनांना ते सूनबाई म्हणायचे. "सही-शिक्क्याचं तू बघ. बाकीचं बघायला आम्ही हाव."

मला त्यात वावगं वाटलं नाही. खरं तर बरंच वाटलं. पहिल्या वर्षी माझं काम म्हणजे रहिवासी दाखले देणं, कुणी विहिरीत पडून किंवा वीज अंगावर पडून गेलं तर ठाण्याला कळवणं, ठाण्यात महिन्याच्या बैठकीला जाणं, एवढंच होतं. पारावरची काही माणसं मला 'लाकडी पाटील' म्हणायची. माझ्या कानावर ते आलं, पण मी मनाला लावून घेतलं नाही.

दुसऱ्या वर्षी, तुरी निघाल्यानंतरच्या दिवसांत, आमच्या गल्लीतली एक बाई दुपारची माझ्याकडे आली. तिचा नवरा शेतकरी, चार एकर कोरडवाहू. ती स्वतः बचत गटाची अध्यक्ष होती. बोलायला धीट, हिशेबाला पक्की. त्या दिवशी मात्र दाखला पाहिजे म्हणून आली आणि दाखल्याचं नावच काढेना. मी चहा ठेवला तेव्हा तिनं सांगितलं की तिच्या मुलीचं लग्न ठरलं आहे.

मुलगी अकरावीला होती. सतरावं लागून महिना झाला असेल.

"तुझ्या मालकाला सांगितलंस का, पोरीचं वय न्हाई म्हणून?" मी विचारलं. नवऱ्याला आमच्याकडे मालकच म्हणतात.

"कोणत्या मालकाला सांगू? घरच्याला का गावच्याला?" ती म्हणाली. "सुपारी तर बैठकीतच फुटली. पोरगा त्यांच्या पाव्हण्यातला हाय, औरादकडचा. आमचे हे मनले, पोरगी लहान हाय. तर मालक मनले, वरीस-दोन वरसानं काय होतंय, घर चांगलं हाय, मी शब्द दिलाय."

चहा उतू गेला. ती उठून गॅस बारीक करून परत बसली.

"पोरगी रडायली का?"

"रडली असती तर बरं झालं असतं. ती बोलतच न्हाई. पुस्तकं बांधून माळ्यावर ठिवली तिनं." मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, "तू पोलीस पाटील हाईस ना?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती.

कायद्यानं हे कळवणं माझं काम होतं, हे मला परीक्षेच्या पुस्तकातूनच पाठ होतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की आमचं गाव बालविवाहमुक्त आहे, ग्रामसभेत तसा ठराव झाला आहे, खाली सरपंचांचं नाव. मी ग्रामसेवकाला विचारून पाहिलं. तो म्हणाला, "ताई, मी मुखेडहून येणं-जाणं करणारा माणूस. तुमच्याकडं लेखी काही आलंय का? न्हाई ना? मग मला काही ठाऊक न्हाई." सरपंचांना विचारायचा प्रश्नच नव्हता. ते मंडपाची व्यवस्था बघत होते.

मग पत्रिका आली. गणपतीचं चित्र, मुहूर्त, आहेर आणू नये वगैरे. खाली 'स्वागतोत्सुक' म्हणून नावांची यादी. पहिलं नाव मालकांचं, दुसरं सरपंचांचं, आणि तिसऱ्या ओळीत माझं, पदासकट. मला कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं ती ओळ बोटानं दाखवली आणि म्हणाला, "बघ, तुझं नाव छापलंय." त्याला खरोखरच आनंद झाला होता. सुताराच्या घरातलं नाव गावच्या पत्रिकेत मालकांच्या खाली पहिल्यांदाच आलं होतं.

त्या पत्रिकेनं माझी झोप उडवली. कळवलं नाही तर मी गुन्ह्यात, पत्रिकाच माझ्याविरुद्ध पुरावा. कळवलं तर गावात राहायचं कसं? नवरा रोज सकाळी रंधा घेऊन मालकांच्याच नव्या घराच्या चौकटी करायला जात होता. मालकांनी नुसतं 'उद्यापास्नं येऊ नको' म्हटलं असतं तर आसपासच्या चार गावांत कुणी त्याला काम दिलं नसतं. माहेरी जाऊन राहावं असंही एकदा मनात आलं. पण पोलीस पाटलाला गाव सोडून राहता येत नाही, नियमच तसा आहे.

लग्नाला दोन दिवस राहिले. मी मुखेडच्या बाजाराला म्हणून गेले, आणि बसस्थानकाच्या मागे, उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभी राहून ठाण्याला फोन लावला. पद सांगितलं, गाव सांगितलं, मुलीचं वय, मुहूर्त. समोरच्या माणसानं दोनदा विचारलं, "नक्की ना बाई?" मी म्हणाले, "नक्की." मग बाजार न करताच परत आले. घरी सांगितलं, भाजी महाग होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा निरोप आला.

मी गेले तेव्हा ते बैठकीत एकटेच होते. पेपर वाचून झालेला, घडी करून बाजूला ठेवलेला. उघड्या खिडकीतून अंगणात माझा नवरा दिसत होता, सागाची फळी पायात धरून रंधा मारत होता. मला त्यानं पाहिलं नाही.

"फोन तू केलास?" मालकांनी विचारलं.

त्यांना कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. ठाण्यातल्या कुणीतरी गावात येण्याआधी मालकांच्या कानावर घातलं असणार. तशीच रीत होती. गावात जीप आणायची तर आधी मालकांना सांगायचं.

"हाव," मी म्हणाले.

बाहेर रंध्याचा आवाज चालूच होता.

"आणिक कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच न्हाई. ह्यांनाबी न्हाई."

"पोरीच्या आईला?"

"न्हाई."

"मग आता कुणाला सांगू नको." त्यांनी पेपर उचलला, पुन्हा ठेवला. "फोन मी केलाय."

मला कळेना.

"उद्या पोलीस यायलेतच. ते आता थांबत न्हाईत, वर कळलंय म्हणं. मग गावात कुणाच्या सांगण्यावरून आले? सुताराच्या सुनंच्या? उद्याच्याला ह्या गावात कुणीबी फोन करंल आणि जीप बोलवंल." ते रागावले नव्हते. एखाद्या पोराला गणित समजवावं तसं सांगत होते. "तुलाबी जड जाईल. तुला गाव सोडायचं न्हाई, मलाबी न्हाई. जा आता. उद्या मांडवात पुढं बसू नको."

दाराकडे वळले तेव्हा नवऱ्यानं मला पाहिलं आणि काय झालं म्हणून हातानंच विचारलं. मी मानेनं काही नाही म्हणाले.

लग्न शाळेच्या मैदानात होतं. वऱ्हाड औरादकडून दोन गाड्या भरून आलं होतं, बाया आपसात कानडीत बोलत होत्या. मुहूर्ताला अर्धा तास होता तेव्हा जीप आली. दोन पोलीस, एक बाई पोलीस, तालुक्याच्या कार्यालयातली एक मॅडम. मुलीचा बाप उभा राहिला आणि त्याला पुढं काय करावं ते कळेना, तो तसाच उभा.

पोलिसांनी तोंड उघडायच्या आधी मालक खुर्चीतून उठले. भटजीसमोरचा माइक त्यांनी हातात घेतला.

"यांना मी बोलावलंय," ते म्हणाले.

मंडपात कुजबुज झाली आणि थांबली.

"काल शाळेतून पोरीचा दाखला मागवून बघितला. अठरा पुरं न्हाईत. माझ्या बैठकीत सुपारी फुटली, तर चूक निस्तरायची जिम्मेदारीबी माझीच. कायदा हाय तर हाय." मग ते मुलीच्या बापाकडे वळले. "तू मला अठरा सांगितलास."

बापानं मान वर केली. सुपारीच्या दिवशी त्यानं काय सांगितलं होतं ते मला त्याच्या बायकोकडून ठाऊक होतं. तो काहीतरी बोलणार असं मला वाटलं. मालक त्याच्याकडे बघत होते. त्यानं मान खाली घातली.

"चुकलं मालक," तो म्हणाला.

मंडपात सातआठशे माणूस असेल. वयाचं खरं काय ते आम्हा चौघांना ठाऊक होतं, मालकांना, त्याला, त्याच्या बायकोला आणि मला. फोनचं मात्र गावात फक्त मालकांना आणि मला. त्याची बायको मागं स्वयंपाकाच्या कनातीजवळ उभी होती, आणि देवाकडे बघावं तशी मालकांकडे बघत होती.

पाव्हणे चिडले. मालकांनी त्यांच्यापुढे हात जोडले, पोरगी अठराची झाल्यावर मी स्वतः लग्न लावून देतो म्हणाले, आणि रांधलेलं अन्न वाया जाऊ नये म्हणून सगळ्यांना पंगतीला बसवलं. पोलीससुद्धा जेवले. मुलीच्या बापाकडून हमीपत्र लिहून घेतलं. साक्षीदार म्हणून त्याच्यावर माझी सही आहे.

गावानं त्या बापाला चारदोन दिवस नावं ठेवली आणि सोडून दिलं. मालकांचं मात्र सगळीकडे नाव झालं. तालुक्याला कार्यक्रम झाला, शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार झाला. आम्हा पोलीस पाटलांना हजर राहायचे आदेश होते. साहेब भाषणात म्हणाले की जुन्या नेतृत्वानं असं पुढं आलं तर कायद्याला गावात पाय ठेवायला जागा मिळते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खोटं सांगत नाही, त्यातली निम्मी टाळी मनापासून होती. मुलगी वाचली होती. तिनं माळ्यावरची पुस्तकं खाली काढली होती.

पंधरा दिवसांनी मी नवऱ्याला खरं सांगितलं. तो हातातला भाकरीचा तुकडा तसाच धरून बसला. मग म्हणाला, "कुणापाशी बोलू नको. उपकार केलेत त्यांनी आपल्यावर." थोड्या वेळानं म्हणाला, "दारं बसवायची हायत अजून."

त्यानंतर मालक फोनचा विषय कधीच काढत नसत. काढला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यांच्या पुतण्यानं बसस्थानकावर एकाचं डोकं फोडलं तेव्हा निरोप आला, "लिहायची गडबड करू नको, मिटवलंय." मी लिहिलं नाही. नदीच्या पात्रातून वाळू भरून वाहनं जायला लागली तेव्हा निरोपसुद्धा आला नाही. मीच समजून घेतलं. माझ्या नोंदवहीत त्या महिन्यांत 'गावात शांतता आहे' एवढंच आहे, पानामागून पान, माझ्याच अक्षरात.

वर्षभरात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. मालक कधी उभे राहायचे नाहीत. ते पॅनल ठरवायचे. आमच्या गावात कित्येक वर्षांत मतदान झालं नव्हतं. बैठकीत नावं निघायची, तेवढेच अर्ज भरले जायचे, आणि 'बिनविरोध' म्हणून पेपरात फोटो यायचा. त्या वर्षी आमचा वॉर्ड बाईसाठी सुटला. मालकांनी पुतण्याच्या बायकोचं नाव काढलं.

आणि शेवटच्या दिवशी दुपारी त्या मुलीच्या आईनं अर्ज भरला. कुणाला विचारलं नाही. गटातल्या दोघी बाया सूचक म्हणून घेऊन गेली.

अर्ज मागं घ्यायच्या आदल्या दिवशी मालकांनी मला बोलावलं.

"तुझं ऐकंल ती," ते म्हणाले. "बाई चांगली हाय, पुढच्या वख्ताला बघू. गावात फूट नको पडाया."

"मी पोलीस पाटील हाय मालक. मला निवडणुकीत पडता येत न्हाई."

"मी कुठं पोलीस पाटलाला सांगायलोय? गल्लीतल्या मैत्रिणीला सांगायलोय."

मी तिच्याकडे गेले. ती अंगणात मिरच्या निवडत होती. मी जाऊन समोर बसले आणि मीही निवडायला लागले.

"मालकानं पाठवलं का?" ती म्हणाली.

"हाव."

"मागं घे मनले?"

"हाव."

तिनं देठ काढून टोपलीत टाकला. "तुला काय वाटतंय?"

मला वाटत होतं तिनं उभं राहावं. तीच एक बाई त्या कार्यालयात जाऊन हिशेब विचारू शकली असती. मी म्हणाले, "मला काय वाटायचंय."

मग तिनं हात थांबवला. "एक विचारू? खरं सांग. त्या वख्ताला ठाण्याला फोन कुणी केला? मला कवा कवा वाटतंय, तूच केलास. मी तुझ्याकडं येऊन गेले न् दोन हप्त्यांत जीप आली. मालकानंच जुळवलेली सोयरीक मालकच कशाला मोडतील?"

त्या प्रश्नाचं उत्तर दोन अक्षरांचं होतं. ते देऊन टाकलं असतं तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे मालक होते, माइक हातात घेतलेले. ती बोलायला मोकळी बाई, निवडणुकीच्या भरात चारचौघींत बोलून गेली असती. मग सगळ्या गावासमोर मालक खोटे पडले असते, तिचा नवरा खोटा पडला असता, आणि मी उघडी पडले असते. एवढं सगळं मी एक मिरची निवडेपर्यंत मनात फिरवलं.

"मालकांनीच केला होता," मी म्हणाले.

मग तिनं पदरानं डोळे पुसले, मिरच्यांमुळं असेल किंवा नसेल.

"मग त्यांच्या इरोधात उभं राहाया मला तोंड न्हाई," ती म्हणाली. "माझी पोरगी त्यांनी वाचवली. उद्या जाऊन काढून घेते."

दुसऱ्या दिवशी तिनं अर्ज काढून घेतला. आणि माझ्या वहीत मी लिहिलं, निवडणूक प्रक्रिया शांततेत पार पडली, कोणताही तणाव नाही. ते खरंच होतं. तणाव कुठंच नव्हता.

मुलगी बारावी झाली. ती अठराची होईपर्यंत औरादच्या पोरानं दुसरीकडे लग्न केलं होतं, त्यामुळे मालकांचा तो शब्दही आपोआप सुटला. ती नर्सिंगला लातूरला गेली. माझी पाच वर्षं संपली, मुदतवाढीसाठी अर्ज करायचा होता. मी नाही केला तर काय, असं महिनाभर घोळत होते. एक दिवस रस्त्यात मालक भेटले आणि सहज म्हणाले, "तुझ्या अर्जाचं सांगून ठिवलंय साहेबाला." अजून मी अर्ज केलाही नव्हता. घरी येऊन केला.

गेल्या वर्षी मुलगी लातूरच्या दवाखान्यात नोकरीला लागली. पहिल्या सुट्टीत गावी आली तेव्हा आई तिला घेऊन मालकांकडे गेली. मी तेव्हा एका दाखल्यासाठी बैठकीतच होते. मुलीनं पेढ्यांचा पुडा ठेवला आणि वाकून मालकांच्या पायाला हात लावला. मालक आता थकले आहेत, काठी लागते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शिकलीस, लई चांगलं झालं," म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. ते नाटक नव्हतं. मला वाटतं, फोन आपणच केला होता, असं आताशा त्यांना खरंच वाटत असावं.

मुलीनं मलाही पेढा दिला. आई म्हणाली, "काकूच्या पाया पड की." मुलगी वाकली आणि मी तिला मधेच धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आईकडे गेले. मुलगी बसनं निघून गेली होती. मी दारातच सांगितलं. मुखेडचं बसस्थानक, उसाच्या रसाचा गाडा, दुसऱ्या दिवशीचं बैठकीतलं बोलणं, सगळं.

ती ऐकून खाली बसली. मग म्हणाली, "मी तुला इचारलं होतं."

"हाव."

"इथंच. ह्या अंगणात."

"हाव."

"तवा सांगितली असतीस तर मी अर्ज काढला नसता."

ती पुढं म्हणाली, "पुढच्या निवडणुकीची सोडत निघाली, ठाऊक हाय ना? आपला वॉर्ड आता अनुसूचित जातीला गेला. दुसऱ्या वॉर्डातून मला कोण मत देतंय? तिथं मला लोक ओळखतबी न्हाईत." तिनं माझ्याकडे पाहिलं. "आता हे खरं घेऊन मी काय करू? तुझ्या मनावरचं वझं तू माझ्या दारात आणून टाकलंस."

ती ओरडली असती तर मी थांबले असते. ती उठून आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. ते दार माझ्या नवऱ्यानंच केलेलं.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. गटाच्या बैठकीला बोलावणं येतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या हाती. तिनं गावात हे कुणाला सांगितलेलं नाही, याची मला खात्री आहे. सांगितलं असतं तर आतापर्यंत माझ्यापर्यंत आलं असतं. का सांगितलं नाही, ते मला कळत नाही. माझ्यासाठी नसावं. नवऱ्यानं मांडवात मान खाली घातली, ते पुन्हा उकरायला नको म्हणून असेल.

मुलीला मात्र तिनं सांगितलं. एक दिवस लातूरहून फोन आला. मागं दवाखान्याची गडबड ऐकू येत होती.

"काकू, आईनं सांगितलं," ती म्हणाली. "तुमचे उपकार हायत. पण मला तुमचा राग आलाय, तेबी सांगते. आईनं अर्ज काढून घेतला त्या दिवशी ती जेवली नव्हती."

मी म्हणाले, "बरोबर हाय तुझं."

"आणि मालकांचा रागच येईना. त्यांनी खोटं सांगितलं, तरी येईना. असं का होतंय?"

तिला कुणीतरी हाक मारली, आणि ठेवते म्हणून तिनं फोन ठेवला.

त्याच आठवड्यात मालकांचा निरोप आला. नव्या निवडणुकीची नावं काढायची होती, राखीव जागेवर कुणाला उभं करायचं ते ठरवायचं होतं, आणि दलित वस्तीतल्या दोघांनी आपापले अर्ज भरायचं परस्पर ठरवलं असल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. मी जाऊन त्यांना जरा समजावावं, असं त्यांचं म्हणणं होतं. निरोप घेऊन आलेल्या गड्याला मी सांगितलं, माझी तब्येत बरी नाही. त्या दिवशी मी घराबाहेर पडले नाही, उंबऱ्यापर्यंतसुद्धा आले नाही, कुणी पाहिलं तर काय म्हणून. बाहेर ऊन होतं, गल्लीत बाया वाळवणं घालत होत्या, आणि मी धडधाकट बाई खिडकी लावून आत पडून होते.

त्या दोघांनी अर्ज भरले. एवढ्या वर्षांत आमच्या गावात पहिल्यांदा एका वॉर्डात मतदान होणार आहे. त्यात माझा काही हात नाही. त्यांनी ते आधीच ठरवलेलं होतं.

चार दिवसांनी मालक काठी टेकत स्वतः आमच्या दारात आले. सुताराच्या दारात ते कधी आले नव्हते. नवऱ्यानं धावत जाऊन खुर्ची आणली. मालक बसले नाहीत.

"कशी हाय आता तब्येत?" त्यांनी मला विचारलं.

"बरी हाय," मी म्हणाले.

"जप," ते म्हणाले. "मतदानाच्या दिवशी बंदोबस्ताला तूच लागशील." आणि काठी टेकत परत गेले. नवरा रिकामी खुर्ची धरून माझ्याकडे बघत उभा होता.